मोकळ्या हवेवर आंबणारी बिअर

बिअर म्हटली म्हणजे सामान्यतः डोळ्यांपुढें येतें तें सोनेरी रंगाचें, फेसाळ, किंचित् कडवट असें पेय. मोठमोठ्या कारखान्यांतून तिच्या लक्षावधि बाटल्या भरून बाहेर पडतात. आणि आज घेतलेली बाटली व सहा महिन्यांनीं दुसऱ्या शहरीं घेतलेली बाटली यांच्या चवींत तिळमात्र अंतर पडूं नये, यांतच त्या धंद्याचें कौशल्य मानलें जातें. परंतु बेल्जमची राजधानी ब्रसेल्स हिच्या आसपास एक बिअर अशी होते कीं, तिच्या एका पिंपाची चव शेजारच्या पिंपाशींहि जुळत नाहीं. ती गोड नसते, फारशी कडूहि नसते. ती आंबट असते. तिच्या कांहीं प्रकारांत चेरी, रास्पबेरी, जर्दाळू, द्राक्षें अशीं फळें महिनोन् महिने मुरत घातलेलीं असतात. ती थोडी होते, उशिरां होते, आणि तिच्यासाठीं दूरदूरचे रसिक वर्षभर वाट पाहतात. तिचें नांव लँबिक. मद्यपान बरें कीं वाईट, हा प्रश्न ज्यानें त्यानें आपल्या घरीं सोडवावा. एखादें पेय कसें सिद्ध होतें आणि त्यापायीं माणसें एवढीं वेडीं कां होतात, हें समजून घेण्यास पेला हातीं धरावा लागत नाहीं.

ही बिअर वेगळी कां, हें कळण्यास साधी बिअर कशी होते तें आधीं पाहिलें पाहिजे. सातू भिजवून त्यास मोड आणतात व मग तो ऊन हवेवर वाळवितात. यालाच माल्ट म्हणतात. माल्ट भरडून गरम पाण्यांत कालविला म्हणजे धान्यांतील पिष्टाची साखर बनते व गोडसर काढा तयार होतो. त्यांत हॉप नांवाच्या वेलीचीं फुलें घालून तो उकळतात. त्यांनीं कडवटपणा व सुवास येतो, शिवाय काढा लवकर नासत नाहीं. निवल्यावर त्यांत यीस्ट घालतात. यीस्ट म्हणजे बुरशीच्या जातीचा एक अत्यंत सूक्ष्म जीव. तो साखर खातो आणि तिचें अल्कोहोल व फेस आणणारा कर्बाम्लवायु यांत रूपांतर करितो.

माणसानें हजारों वर्षें हें पेय केलें, पण आंबविण्याचें काम कोण करितें तें त्यास ठाऊक नव्हतें. लुई पाश्चर यानें १८७६ मध्यें बिअरवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि बिअर बिघडते ती परक्या जंतूंमुळें, हें दाखवून दिलें. पुढें १८८३ मध्यें कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत एमिल ख्रिश्चन हान्सेन यानें यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध वाण वाढविलें. प्रयोगशाळेनें हें ज्ञान दडवून ठेविलें नाहीं. इतर कारखान्यांनाहि तें वाण मोकळ्या मनानें दिलें. तेव्हांपासून बिअर नासणें ही दैवाची गोष्ट राहिली नाहीं. बंद टाक्या, निर्जंतुक नळ्या, एकच यीस्ट आणि एकच चव, असा तो धंदा शास्त्रशुद्ध झाला.

लँबिकवाल्यांनीं ही सारी विद्या पाहिली, आणि आपली खिडकी उघडीच ठेविली.

ब्रसेल्सच्या नैर्ऋत्येस सेन नांवाच्या लहानशा नदीचें खोरें आहे. (पॅरिसची सेन ती निराळी.) या टापूस पायोटनलँड म्हणतात. सोळाव्या शतकांतील चित्रकार थोरला ब्रॉयगेल यानें येथलीं माणसें व शेतें रंगविलीं. १५६८ च्या त्याच्या आंधळ्यांच्या चित्रांत मागें दिसणारें चर्च सिंट-आना-पेडे या गांवीं अद्याप उभें आहे. लँबिक येते ती याच मातींतून. तिच्यांत सातूच्या माल्टबरोबर कच्चा गहूं घालतात; तो एकंदर धान्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असतो. हॉपहि ताजे नसतात. दोनतीन वर्षें मुद्दाम ठेवून जुने केलेले, कडवटपणा व सुवास उडून गेलेले असेच हॉप हवे असतात. कारण त्यांची नासक्या जंतूंस आवरण्याची शक्ति तेवढी येथें पाहिजे असते. काढा कित्येक तास उकळतो, आणि मग खरा प्रकार सुरू होतो.

ब्रसेल्समधील अँडरलेख्ट भागांत कान्तियाँ नांवाचा एक लहान कारखाना १९०० सालापासून आहे. तेथें माळ्यावर तांब्याचें एक भलें मोठें पण उथळ पात्र आहे. आकारानें एखाद्या प्रचंड परातीसारखें. एका खेपेचा सुमारे ७,५०० लिटर उकळता काढा त्यांत ओततात. पात्रावर झांकण नाहीं. भिंतींतील फटींच्या खिडक्यांतून रात्रभर थंड वारा येत राहतो, वाफ कौलांखालीं दाटते, आणि सकाळीं काढा १८ ते २० अंशांपर्यंत निवतो. या एका रात्रींत हवेंतील व वास्तूंतील असंख्य सूक्ष्म जीव त्यांत उतरलेले असतात. यीस्ट म्हणून कोणी चिमूटभरहि घालीत नाहीं. दुसऱ्या दिवशीं तो काढा ओक किंवा चेस्टनट लाकडाच्या जुन्या पिंपांत भरतात, आणि त्या लाकडांतहि पूर्वीच्या बिअरचे रहिवासी दबा धरून असतातच.

महाराष्ट्रांतील गृहिणीस यांत फारसें नवल वाटूं नये. आंबोळीचें पीठ रात्रीं झांकून ठेविलें म्हणजे सकाळीं फुगून वर येतें. त्यांत कोणी यीस्ट घातलेलें नसतें. माडाची माडी उतरवितां उतरवितांच आंबूं लागते. गोव्यांत काजूच्या बोंडांचा रस असाच आपोआप आंबतो, व मग त्याची फेणी गाळितात. फरक एवढाच कीं, पिठाचें काम एका रात्रींत आटोपतें. लँबिकचें तीन तीन वर्षें चालतें.

या काळांत पिंपांत एकामागून एक अशा निरनिराळ्या जिवांचें राज्य येतें. बेल्जममधील ल्यूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनीं १९७० नंतरच्या दशकांत हा क्रम बारकाईनें लावून दाखविला. पहिले कांहीं आठवडे आंतड्यांतील जंतूंच्या वर्गांतले जीव माजतात. त्या वेळीं वास कांहीं घेण्याजोगा नसतो. मग नेहमींचें यीस्ट जोर धरतें व पिंपाच्या तोंडांतून फेस बाहेर वाहूं लागतो. साखर बरीचशी संपल्यावर उन्हाळ्यांत दुधाचें दहीं करणाऱ्यांचे भाऊबंद असे जंतु येतात आणि आंबटपणा आणतात. शेवटीं एक मंदगति यीस्ट उरलेसुरलें खाऊन टाकितें. याचें नांव ब्रेटॅनोमायसीज. कार्ल्सबर्गच्याच क्लाउसेन या शास्त्रज्ञानें तें १९०४ मध्यें इंग्लंडच्या मुरलेल्या बिअरमध्यें ओळखलें, म्हणून ब्रिटिश बुरशी अशा अर्थाचें हें नांव पडलें. सुकें गवत, कातडें, घोड्याचें खोगीर यांची आठवण करून देणारा वास त्याचाच. शास्त्रशुद्ध कारखान्यांत हा जीव सांपडला तर धांवपळ उडते. येथें त्याच्यावांचून अडतें.

पिंपें ठेवण्याच्या खोल्यांत कोळ्यांचीं जाळीं लोंबत असतात, आणि तीं कोणी झाडीत नाहीं. फळांवर व आंबट रसावर येणाऱ्या बारीक माशा कोळी खातो, म्हणून त्यास तेथें अभय आहे. नव्या पाहुण्यास हा गबाळेपणा वाटतो. वास्तविक ती राखण आहे.

नुसती लँबिक फेसाळत नाहीं. ती पांढऱ्या द्राक्षमद्यासारखी शांत असते. एक, दोन व तीन वर्षांच्या लँबिकांचें मिश्रण करून बाटलींत भरलें म्हणजे कोवळ्या भागांतील साखरेवर म्हाताऱ्या भागांतील जीव तुटून पडतात आणि बाटलींतच वायु तयार होतो. या मिश्रणास ग्यूझ म्हणतात. कोणतें पिंप किती घ्यावें, याचें कोष्टक नाहीं. मिश्रण करणारा पिंपापिंपांतून घोट घोट चाखीत हिंडतो, आणि त्याची जीभ हेंच त्या घराण्याचें भांडवल.

फळांची गोष्ट याहून मनोरम आहे. ब्रसेल्सला लागून असलेलें स्कार्बेक हें एके काळीं आंबट चेरीच्या बागांसाठीं प्रसिद्ध होतें. तेथील शेतकरी गाढवांवर चेरी लादून शहरांत आणीत, त्यामुळें त्या गांवास गाढवांचें गांव असें टोपणनांवच पडलें. चेरीस फ्लेमिश भाषेंत क्रीक म्हणतात, म्हणून चेरीच्या लँबिकचेंहि नांव क्रीक. उन्हाळ्यांत फळें आलीं कीं तीं आठळीसकट पिंपांत घालतात व वरून दीडदोन वर्षांची लँबिक सोडतात. लिटरमागें दोनशें ग्रॅम किंवा त्याहूनहि अधिक फळ लागतें. फळांतील साखरेनें झोंपलेलें किण्वन पुन्हां जागें होतें. रंग माणकासारखा चढतो. कांहीं महिन्यांनीं पिंपांत सालें व आठळ्या यांवांचून कांहीं राहत नाहीं. आठळींतून बदामासारखा मंद सुवास उतरतो, आणि जाणते लोक खरी क्रीक त्यावरून ओळखतात. गोडी मात्र सर्व नाहींशी झालेली असते. ज्याला सरबत अपेक्षित आहे त्याचें तोंड पहिल्या घोटासच वांकडें होतें. स्कार्बेकच्या बागा शहराच्या वाढींत केव्हांच गडप झाल्या. आतां त्या जातीचीं थोडीं झाडें खेड्यांतून आहेत, आणि बरींच फळें परदेशांतून आणावीं लागतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर हें सारें जवळजवळ बुडालें. गोड पेयांची चटक लागलेल्या पिढीस आंबट बिअर नकोशी झाली. मोठ्या कारखान्यांनीं मग थोडी लँबिक, पुष्कळ साखर व फळांचा अर्क असें मिश्रण करून तें जुन्याच नांवानें विकण्यास आरंभ केला. यास सुधारणा म्हणणें कठीण आहे. नांव टिकलें आणि वस्तु गेली. आणि गिऱ्हाइकास ती गेल्याचें कळलेंहि नाहीं. जुनीं घराणीं एकामागून एक बंद पडलीं. कान्तियाँचे चालक जां-पिएर व्हान रॉय यांनीं १९७८ मध्यें आपल्या चालत्या कारखान्यासच संग्रहालयाचें रूप दिलें व लोकांस आंत बोलाविलें. पुढें १९९७ मध्यें युरोपीय संघानें ‘जुनी ग्यूझ’ व ‘जुनी क्रीक’ या नांवांस संरक्षण दिलें; साखर घालून गोड केलेल्या मालास आतां तें विशेषण लावतां येत नाहीं. त्याच वर्षीं टापूंतील उत्पादकांनीं आपला संघ स्थापिला. त्यांत पुढाकार घेणाऱ्यांपैकीं आर्मां देबेल्देर हे एक.

देबेल्देर यांचें घराणें बेरसेल गांवीं ‘तीन कारंजीं’ या अर्थाच्या नांवानें ग्यूझ तयार करी. १६ मे २००९ रोजीं त्यांच्या कोठारांतील तपमान राखणारें यंत्र बिघडलें आणि थंड राहावयाची ती खोली भट्टीसारखी तापली. बाटल्यांत वायु कोंडलेला. त्या एकामागून एक फुटूं लागल्या. हजारों बाटल्या फुटल्या, उरलेल्यांतील बिअर बिघडली. तीन वर्षांच्या कष्टाचें फळ एका रात्रींत गेलें, आणि तें पुन्हां करावयाचें तर पुन्हां तीनच वर्षें हवींत. पैसा ओतून तीं लवकर येत नाहींत. तेव्हां चाहते स्वतःहून मदतीस आले. बिघडलेल्या बाटल्या उघडून तो रस जमविला, त्याचें ऊर्ध्वपातन करून मद्यार्क काढिला, आणि तो विकून घर सांवरलें. आर्मां २०२२ मध्यें वारले. 

असलें वेड अमेरिकेंतहि पसरलें. मेन संस्थानांतील ॲलागॅश या कारखान्यानें २००७ मध्यें बेल्जमसारखें उथळ पात्र बसवून आपल्या समुद्रकांठच्या हवेस निमंत्रण दिलें. टेक्ससमध्यें ऑस्टिनजवळ जेस्टर किंग यांनींहि तसेंच केलें. जाणते अमेरिकी उत्पादक आपल्या मालास लँबिक म्हणत नाहींत, कारण तें नांव त्या खोऱ्याचें. ही सभ्यता लक्षांत ठेवण्याजोगी आहे. कान्तियाँ यांनीं २०११ मध्यें एक खास बिअर काढून ती जगांतील निवडक पानगृहांत एकाच दिवशीं खुली करण्याची प्रथा सुरू केली; ती केवळ तेथें बसून प्यावयाची असे. यास कारणहि आहे. थोडक्या मालावर झडप घालून त्या बाटल्या दामदुपटीनें विकणारे लोक निघाले, आणि ज्याच्यासाठीं बिअर केली तो तहानलेलाच राहूं लागला.

आतां मात्र अडचण आली आहे ती थेट हवेकडूनच. उघड्या पात्रांतील काढा एका रात्रींत नीट निवावा तर रात्र थंड, साधारण आठ अंशांखालची हवी. म्हणून हे कारखाने ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंतच काढा उकळतात. रात्र उबदार असली तर नको ते जंतु आधीं घर करितात व सारी खेप नासते. गेल्या शंभर वर्षांत तेथील थंड रात्रींची संख्या घटत चालली आहे. २०१५ च्या नोव्हेंबरांत हवा इतकी उबदार राहिली कीं, कान्तियाँस ठरलेल्या खेपा रद्द कराव्या लागल्या. यंत्रानें काढा थंड करणें कांहींच अवघड नाहीं; पण मग रात्रभराचा तो वारा त्यास लागणार नाहीं. माळ्यावरचें पात्र त्या दिवसांत कोरडें राहिलें, आणि पुढच्या थंडीची वाट पाहण्यांत आली.