खूण जुळली म्हणजे टायमिंग जुळलं?

डहाणूच्या चिकूवाडीतला डिझेल पंप असो, धाकट्या डहाणूच्या बंदरातली मासेमारी बोट असो की तलासरीहून पाड्यांकडे चढणारी मोटारसायकल असो, इंजिन खोलून पुन्हा जोडलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: मार्क जुळवलाय, टायमिंग बरोबर आहे. यातला पहिला भाग बहुधा खराच असतो, पण दुसरा त्यातून आपोआप निघत नाही. क्रँक किंवा कॅम कोणत्या जागी उभा आहे एवढंच खूण सांगते. पिस्टन त्या वेळी कोणत्या स्ट्रोकला आहे आणि डिझेल नेमकं कधी सुटतंय, हे इंजिनावरच तपासून घ्यावं लागतं. हा फरक सुटला की गैरसमज सुरू होतात आणि त्यांची किंमत वाकलेल्या व्हॉल्व्हपासून फुटलेल्या पिस्टनपर्यंत कुठेही जाऊ शकते.

मुळापासून पाहू. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा कॅमची एक होते. म्हणून पिस्टन सगळ्यात वर आल्याची फ्लायव्हीलवरची खूण, म्हणजे टीडीसी, एका चक्रात दोनदा समोर येते. एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी आणि एकदा जळका वायू बाहेर पडून झाल्यावर. खूण दोन्ही वेळी तीच, पण टॅपेट लावायला किंवा डिझेल पंप बसवायला यातली पहिली वेळ साधारणपणे धरावी लागते. ती ओळखायची कशी? व्हॉल्व्हच सांगतात. कॉम्प्रेशनच्या टीडीसीला दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि दोन्ही टॅपेटमध्ये फट हाताला जाणवते. दुसऱ्या टीडीसीला एक बंद होत असतो, दुसरा उघडायला लागलेला असतो, त्यामुळे फ्लायव्हील जरासं हलवलं तरी दोघंही हलतात. 1-3-4-2 या क्रमाच्या चार सिलेंडरी इंजिनात चौथ्याचे व्हॉल्व्ह असे डोलू लागले की पहिला कॉम्प्रेशनला आला, हे पक्कं समजावं. मोटारसायकलमध्ये हीच गफलत वेगळ्या रूपात होते. अनेक गाड्यांच्या रोटरवर टी आणि एफ अशा दोन खुणा असतात. टी ही पिस्टन वर असल्याची, एफ ही ठिणगी पडण्याची. कॅमची साखळी बसवताना टीऐवजी एफ धरला तर खूण अगदी नीट जुळलेली दिसते आणि साखळी मात्र दात चुकून बसू शकते.

याच्या अगदी उलट गैरसमजही आहे: थोडं फिरवल्यावर खुणा जुळत नाहीत, म्हणजे टायमिंग सरकलं. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोटींची इंजिनं दुरुस्तीला खोलली जातात, तेव्हा ही शंका हमखास येते. क्रँक आणि कॅमच्या गियरमध्ये अनेकदा एक मधला गियर असतो आणि त्याच्या दातांची संख्या बाकीच्यांशी पटीत असेलच असं नाही. समजा क्रँकचे 20 दात, मधल्याचे 27 आणि कॅमचे 40. एकदा जुळलेल्या सगळ्या खुणा पुन्हा एकत्र यायला क्रँकच्या 54 फेऱ्या लागतील. दोन फेऱ्यांनी क्रँक आणि कॅम जागेवर येतात, मधल्याची खूण भलतीकडे गेलेली असते, आणि तरी टायमिंग तसूभरही हललेलं नसतं. काही साखळ्यांवरच्या रंगीत कड्यांचंही तसंच. त्या जोडतानाच्या खुणा आहेत, नंतर तपासायच्या नव्हेत. हे ठाऊक नसलं की बरोबर बसवलेला गियर काढून चुकीचा बसवला जातो. याच उदाहरणात एक दात चुकला तर कॅम 9 अंश सरकतो, म्हणजे क्रँकच्या हिशेबाने 18 अंश. डिझेल इंजिनात वर आलेला पिस्टन आणि हेड यांच्यातली फट फार थोडी असते, त्यामुळे एवढी चूक व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटायला पुरू शकते. म्हणून सेल्फ मारण्याआधी इंजिन हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवून पाहणं अजिबात वगळू नये असं मला वाटतं. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही.

सगळ्यात चिवट समजूत म्हणजे टायमिंग पुढे घेतलं की ताकद वाढते. तिच्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ती टिकते. डिझेल सुटल्यापासून पेट घ्यायला साधारण एक मिलीसेकंद जातो. 1500 आरपीएमला क्रँक सेकंदात 9000 अंश फिरतो, म्हणजे तेवढ्यात तो 9 अंश पुढे गेलेला असतो. म्हणून डिझेल टीडीसीच्या आधी सुटावंच लागतं. पण किती आधी, हे त्या इंजिनाच्या रचनेने ठरतं. त्याहून आधी सोडलं तर दाब पिस्टन वर येत असतानाच चढतो, इंजिन ठोकतं आणि तापतं. शेतातल्या बऱ्याच एका सिलेंडरच्या इंजिनांत पंपाखालच्या पातळ पत्र्याच्या शिमने हे ठरतं: शिम वाढवली की डिझेल उशिरा, काढली की लवकर. काही लहान इंजिनांत 0.1 मिलीमीटर शिमने सुमारे एक अंशाचा फरक पडतो. तेव्हा फाटलेल्या शिमच्या जागी पुठ्ठा कापून लावणं ही किरकोळ बाब नव्हे, टायमिंगच बदललं. तपासणी मात्र सोपी आहे. नोझलकडे जाणारा पाईप सोडून फ्लायव्हील चालत्या दिशेने हळू फिरवायचं आणि पंपाच्या तोंडाशी डिझेल हलायला लागेल तिथे थांबायचं. तिथून टीडीसीपर्यंतचं अंतर कडेवर टेपने मोजायचं. फ्लायव्हीलचा व्यास 60 सेंटीमीटर असेल तर एक अंश म्हणजे सुमारे सव्वापाच मिलीमीटर.

यावर आक्षेप येतो की जाणता मेस्त्री हे सगळं कानाने लावतो. त्या कानाची किंमत मला मान्य आहे. ठोका पहिल्यांदा तोच पकडतो. पण नोझलचा दाब उतरला तरी इंजिन ठोकू शकतं, आणि ठोक्याचं कारण आवाजातून वेगळं करता येत नाही. कानाने शंका घ्यावी, निकाल टेपने लावावा. धुराचंही तेच. काळा धूर दिसला की पंपाची शिम काढायला धावू नये. आधी एअर फिल्टर, नोझल आणि इंजिनावरचा बोजा पाहावा. उशिरा सुटणाऱ्या डिझेलने पांढरा धूर येतो खरा, पण कॉम्प्रेशन उतरल्यानेही तो येतो.

दुसरा आक्षेप नव्या गाड्यांचा. तलासरीवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 48 वरच्या कॉमन रेल ट्रकांत डिझेल कधी सोडायचं ते संगणक ठरवतो, मग खुणांचं काम काय? डिझेलपुरतं ते बरोबर आहे. पण व्हॉल्व्ह या ट्रकांतही कॅमच उघडतो आणि तो क्रँकला गियरनेच जोडलेला असतो. तिथे दात चुकला तर सेन्सर फार तर बिघाडाचा दिवा लावेल; गियर मात्र पुन्हा काढूनच बसवावा लागेल.