कुशीवाचून वाढलेली मुले

१९८९ साली रुमानियातील चाउशेस्कूची राजवट कोसळली, तेव्हा तेथील सरकारी बालगृहांत लाखाहून अधिक मुले होती. त्यांच्या दुधाच्या वेळा ठरलेल्या. परंतु रडू आले असता उचलून घेणारे, ओळखीचे असे एक माणूस नसे. तान्ह्या वयात मेंदूतील जोडण्या पुष्कळशा हाकेला मिळणाऱ्या ओवर पोसतात. २००० सालापासून बुखारेस्ट शहरी अशा गृहांतील १३६ मुलांचा अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकून निम्मी मुले पालक-कुटुंबांत धाडली, उरलेली तूर्त गृहांतच राहिली. निवड कठोर खरी. तिच्यावर वादही झाला. कुटुंबांत गेलेल्यांची बुद्धी वाढीस लागली, विशेषतः दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची. खुंटलेली उंचीही वर्षभरात सावरली. आणि ज्या घरी मुलाच्या मनाची जाण अधिक, तेथे ती अधिक वाढली.