कारखान्याचे मायक्रोग्रिड: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ठरलेल्या हद्दीतली वीजनिर्मिती, साठवण आणि वापर एकाच नियंत्रणाखाली आणणाऱ्या व्यवस्थेला मायक्रोग्रिड म्हणतात. एरवी ती महावितरणच्या जाळ्याला जोडलेली असते. जाळ्यात बिघाड झाला, तर ती स्वतःहून सुटी होते आणि हद्दीतला पुरवठा चालू ठेवते. ही हद्द एका कारखान्याच्या कुंपणाएवढी असू शकते किंवा रुग्णालयाच्या आवाराएवढी. तिच्यात चार गोष्टी लागतात: वीज देणारे स्रोत, महत्त्वानुसार वेगळे केलेले लोड, जाळ्यापासून तोडणारा मुख्य ब्रेकर आणि या सगळ्यांवर लक्ष ठेवून क्षणोक्षणी निर्णय घेणारा नियंत्रक. यांतला एक घटक विकत घेतला आणि त्यालाच मायक्रोग्रिड म्हटले, तर पुढचे बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात.

सांगली जिल्ह्यातल्या मिरज आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींसाठी हा विषय रोजच्या कामाचा आहे. फाउंड्री, मशीन शॉप आणि बेदाण्याची शीतगृहे यांची विजेची गरज एकमेकांपासून अगदी निराळी असते, त्यामुळे एकाचा उपाय दुसऱ्याला जसाच्या तसा लागू पडत नाही.

छतावर सोलर आहे, मग लाइट गेली तरी काम चालेल

सर्वांत जास्त पसरलेला गैरसमज हाच. कारखान्यांच्या छतांवर दिसणारे बहुतेक सोलर संच जाळ्याला बांधलेल्या इन्व्हर्टरवर चालतात. हा इन्व्हर्टर स्वतः व्होल्टेज उभे करत नाही. जाळ्यातले व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी पाहून त्यांच्या तालावर वीज सोडतो. जाळे गेले की तोही दोनेक सेकंदांच्या आत बंद होतो. हा दोष नसून सक्तीची सुरक्षा आहे. फीडर बंद करून लाइनमन खांबावर चढलेला असताना एखाद्या छतावरून त्याच तारेत वीज आली, तर माणूस जिवाला मुकेल. म्हणून भर दुपारी, कडक उन्हात, महावितरणचा फीडर ट्रिप झाला की पॅनल तापलेले राहतात आणि मशीन बंद पडतात.

ही वीज त्या वेळी वापरायची असेल, तर स्वतः व्होल्टेज उभे करू शकणारा स्रोत लागतो. बॅटरीवरचा योग्य प्रकारचा इन्व्हर्टर किंवा डिझेल जनरेटर हे काम करतो. त्यासोबत मुख्य ब्रेकर आधी उघडला असल्याची खात्री करणारी यंत्रणाही हवी. जनरेटर आणि सोलर एकत्र चालवताना आणखी एक पेच येतो. सोलरची वीज वाढत गेली की जनरेटरवरचा भार उतरतो. तो क्षमतेच्या सुमारे 30 टक्क्यांखाली फार वेळ राहिला, तर डिझेल नीट जळत नाही आणि इंजिनात काजळी धरते. भार आणखी उतरला तर वीज उलटी जनरेटरमध्ये शिरू लागते आणि तो ट्रिप होतो. नियंत्रक अशा वेळी सोलरची निर्मिती मुद्दाम दाबून ठेवतो. फुकटची वीज वाया जाते असे तेव्हा वाटते, पण चालू राहिलेला जनरेटर त्याहून मोलाचा असतो. एक लिटर डिझेलमधून साधारण 3 ते 3.5 युनिट वीज मिळते. डिझेल 90 रुपये लिटर धरले, तर नुसत्या इंधनाचाच खर्च युनिटमागे 25 ते 30 रुपये पडतो. सोलरने त्यातले जेवढे डिझेल वाचवले, तेवढी बचत खरी.

कोयना जवळ आहे आणि ढालगावला पवनचक्की आहे

सातारा-सांगलीच्या माणसाला विजेचे डोंगर आणि धरणे रोज दिसतात. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता सुमारे 1,960 मेगावॉट आहे. पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, तशाच कवठेमहांकाळ तालुक्यात ढालगावकडेही आहेत. यावरून वीज आपल्या दारातच तयार होते, असा समज होतो. प्रत्यक्षात कोयनेच्या पाण्याची बहुतांश वीज सह्याद्री ओलांडून कोकणच्या बाजूला, पोफळी परिसरातल्या भूमिगत वीजगृहांत तयार होते आणि उच्चदाब वाहिन्यांवरून राज्याच्या सामाईक जाळ्यात मिसळते. धरण जवळ असले म्हणून मिरजेच्या फीडरला वेगळा हक्क मिळत नाही.

स्वतःच्या मालकीच्या पवनचक्कीचेही तेच. तिची वीज खुल्या प्रवेशाने जाळ्यातून वाहून आणली जाते आणि कारखान्याच्या बिलातून वजा होते. हा हिशेबाचा फायदा आहे आणि तो चांगला आहे. पण कारखान्याचा फीडर बंद असेल, तर ढालगावच्या माळावर पाते गरगर फिरत असतानाही शॉप फ्लोअरवर अंधारच राहणार. निर्मिती आणि वापर दोन्ही एकाच विद्युत हद्दीत असल्याखेरीज मायक्रोग्रिड होत नाही.

हे परदेशी, नवे आणि न पेलणारे तंत्र आहे

हा समज सर्वांत आधी खोडून निघावा तो याच दोन जिल्ह्यांत. साखराळ्याचा राजारामबापू पाटील, कुंडलचा क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड, रेठरे बुद्रुकचा कृष्णा अशा सहकारी साखर कारखान्यांत सहवीजनिर्मिती होते. एक टन ऊस गाळला की पाव टनाहून जास्त बगॅस हाती येते. ती बॉयलरमध्ये जळते, वाफ टर्बाइन फिरवते आणि दाब उतरलेली तीच वाफ पुढे रस आटवण्याच्या कामी येते. तयार झालेल्या विजेवर कारखाना चालतो आणि उरलेली वीज जाळ्यात जाते.

खरी परीक्षा असते बाहेरची लाइन अचानक तुटते तेव्हा. काही मेगावॉट वीज बाहेर जात असताना ब्रेकर उघडतो आणि टर्बाइनवरचा भार एका क्षणात निम्म्याहून खाली येतो. टर्बाइनचा वेग भडकू नये म्हणून गव्हर्नरला त्याच क्षणी वाफ आवळावी लागते. ती वेळेत आवळली, तर कारखाना घरच्या लोडवर चालू राहतो आणि गव्हाणीत पडणारा ऊस थांबत नाही. चुकली, तर टर्बाइन ट्रिप होते, मिल थांबते, बॉयलरची वाफ हवेत सोडावी लागते आणि टाक्यांमधला रस खराब व्हायला लागतो. जाळ्यातून सुटे होऊन उभे राहणे म्हणजे काय, हे कारखान्याचे टर्बाइन ऑपरेटर प्रत्येक गळीत हंगामात अनुभवतात. हंगाम संपला की बगॅसचा साठा असेपर्यंत निर्मिती चालते, मग कारखाना पुन्हा महावितरणचा ग्राहक होतो. मायक्रोग्रिड हा शब्द इथे कोणी वापरत नाही, पण त्याचे बहुतेक गुण या व्यवस्थेत आहेत. एमआयडीसीतल्या लहान उद्योगांना शिकायचे असेल, तर पहिला धडा तासाभराच्या अंतरावर उपलब्ध आहे.

महावितरणला रामराम करता येईल

काही आकडे पाहिले की हा भ्रम दूर होतो. छतावर 100 किलोवॅटचा सोलर संच बसवायला साधारण 10,000 चौरस फूट सावली न पडणारी जागा लागते. सांगली जिल्ह्याच्या उन्हात त्यातून वर्षाच्या सरासरीने दिवसाला 400 युनिटच्या आसपास वीज मिळते. पावसाळ्यात ती बरीच खाली येते. इंडक्शन भट्टीत एक टन बीड वितळवायला मात्र साधारण 550 ते 650 युनिट लागतात. म्हणजे एवढ्या मोठ्या छतावरचे दिवसभराचे ऊन एक टन धातूही वितळवत नाही. फाउंड्रीने जाळ्यापासून कायमचे सुटण्याचा विचारच करू नये. दोन-चार सीएनसी मशीन, कॉम्प्रेसर आणि दिवे एवढाच भार असलेल्या शॉपमध्ये सोलरचा वाटा खूप मोठा होऊ शकतो, तरीही ढगाळ आठवड्यासाठी जाळे हवेच.

मग फाउंड्रीला मायक्रोग्रिडचा उपयोग काय? वीज गेल्यावर भट्टीपाशी काय घडते, यात याचे उत्तर आहे. भट्टीच्या तांब्याच्या कॉइलमधून सतत पाणी फिरत असते. पुरवठा थांबला की वितळणे थांबते, पण आतल्या लाल धातूची उष्णता अस्तरातून कॉइलकडे येतच राहते. पंप बंद पडला तर कॉइल जळण्याचा धोका असतो. धातू आतच गोठला तर अस्तर फोडून काढावे लागते. तेव्हा वाचवायचा असतो पाण्याचा पंप, भट्टी कलती करणारी हायड्रॉलिक यंत्रणा, क्रेन आणि दिवे. हा भार भट्टीच्या मानाने अगदी थोडा आहे. पुरवठा जाताच भट्टी सोडून द्यायची आणि एवढाच भार धरून ठेवायचा, हे मायक्रोग्रिडचे काम. त्यासाठी अत्यावश्यक भाराची वायरिंग आणि पॅनल आधी वेगळे करावे लागतात, आणि जुन्या शेडमध्ये नेमका तिथेच सर्वांत जास्त वेळ जातो.

बॅटरी म्हणजे रात्रभराची सोय

बॅटरीची किंमत ऐकून बरेच उद्योजक मागे फिरतात, कारण ती अख्खा कारखाना तासन्‌तास चालवेल इतकी मोठी हवी, असे गृहीत धरलेले असते. बहुतेक वेळा ती मिनिटांच्या हिशेबात मोजायची असते. डिझेल जनरेटर सुरू होऊन भार घ्यायला साधारण 10 ते 15 सेकंद घेतो. तेवढ्यात सीएनसीचा प्रोग्रॅम तुटतो, टूल जॉबमध्ये अडकते, ड्राइव्ह ट्रिप होतात. हा खड्डा भरायला लहान बॅटरीही पुरते.

तिचे दुसरे काम बिलातल्या मागणी आकारावर होते. उच्चदाब ग्राहकाला वापरलेल्या युनिटांबरोबरच महिन्यातल्या सर्वांत चढ्या मागणीचेही पैसे मोजावे लागतात, आणि करार मागणी ओलांडली तर ते दंडाच्या दराने लागतात. महिन्यात एखाद्याच दिवशी दोन मोठी यंत्रे एकदम सुरू झाली, तरी ते शिखर बिलात उतरते. बॅटरीने ते छाटता येते. तेच काम भार पुढेमागे करून फुकटातही होते, हे मात्र बॅटरी विकणारा सहसा सांगत नाही.

बेदाण्याच्या शीतगृहाला तर बॅटरीची गरज त्याहून कमी. भरलेल्या, नीट इन्सुलेशन असलेल्या खोलीचे तापमान कॉम्प्रेसर बंद केल्यावर सावकाश चढते, म्हणजे थंडी हीच तिथली साठवण असते. महाराष्ट्रात पूर्वी रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत औद्योगिक विजेला सवलत होती, म्हणून कॉम्प्रेसर रात्री चालवणे परवडत असे. केंद्राच्या 2023 च्या ग्राहक हक्क नियमांतील दुरुस्तीने वारे फिरले. उन्हाच्या तासांतला दर नेहमीच्या दरापेक्षा किमान 20 टक्के कमी आणि उद्योगांसाठी चढ्या मागणीच्या तासांतला दर किमान 20 टक्के जास्त ठेवावा, असे ते नियम सांगतात. नियंत्रक दुपारी सोलर आणि स्वस्त वीज वापरून खोली थोडी जास्त थंड करतो आणि संध्याकाळी कॉम्प्रेसरला शक्य तेवढी विश्रांती देतो.

निम्मी वीज सोलरची, म्हणून बिल निम्मे

महाराष्ट्रात एप्रिल 2020 पासून उच्चदाब ग्राहकांचे बिल केव्हीएएचवर निघते, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या विजेसोबत (किलोवॅट) रिअॅक्टिव्ह वीजही (केव्हीएआर) त्यात धरली जाते. कारखान्याचा भार 200 किलोवॅट आणि 100 केव्हीएआर असेल, तर जाळ्यातून सुमारे 224 केव्हीए घेतले जातात. सोलरने 100 किलोवॅट दिले, पण केव्हीएआर दिले नाहीत, तर जाळ्याकडून 100 किलोवॅट आणि तेच 100 केव्हीएआर येत राहतात, म्हणजे 141 केव्हीए. वीज निम्मी झाली, पण मीटरवरचा आकडा 37 टक्केच उतरला आणि पॉवर फॅक्टर 0.89 वरून 0.71 वर आला. इन्व्हर्टरला केव्हीएआर द्यायला लावणे किंवा कपॅसिटर पॅनल नव्याने जुळवणे, हा त्यावरचा साधा इलाज. मागणी आकाराचेही गणित असेच फसते. महिन्यातल्या एका ढगाळ दुपारी मागणी पूर्ण चढली, तर बाकीच्या लख्ख दिवसांचा त्यात काही उपयोग होत नाही.

शेजारच्या युनिटला उरलेली वीज द्यावी

भिंतीपलीकडच्या शेडला तार टाकून वीज विकणे हे वितरण ठरते आणि विद्युत कायदा 2003 नुसार त्याला परवाना लागतो. स्वतःच्या वापरासाठी निर्मितीची मुभा याच कायद्याच्या कलम 9 मध्ये आहे. अनेक उद्योगांनी मिळून ती घ्यायची असेल, तर 2005 च्या नियमांप्रमाणे वापरकर्त्यांची मालकी किमान 26 टक्के आणि वर्षातला त्यांचा वापर किमान 51 टक्के असावा लागतो. 2022 च्या हरित ऊर्जा नियमांनी खुल्या प्रवेशाची मर्यादा 100 किलोवॅटपर्यंत खाली आणल्याने मध्यम कारखान्यांनाही हा मार्ग खुला झाला. संच चालू करण्यापूर्वी विद्युत निरीक्षकांची तपासणी वेगळी.

एकदा बसवले की अंधार नाही

जाळ्यातून सुटे होणे यशस्वी ठरते ते त्या क्षणी आतली निर्मिती आणि आतला भार जुळला तरच. 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबई अंधारात गेली, तेव्हा शहराला राज्याच्या जाळ्यापासून अलग करणारी दशकांपूर्वीची योजना अस्तित्वात होती. पण त्या सकाळी शहरातली निर्मिती मागणीच्या मानाने फार कमी होती आणि अलग झालेले ते बेट टिकले नाही. उलट 2011 च्या भूकंपानंतर जपानमधल्या सेंदाई शहरातल्या एका लहान मायक्रोग्रिडने आसपासचे जाळे कोसळले असताना रुग्णालयाचा पुरवठा सांभाळला. तिथे कोणता भार सोडायचा आणि कोणता धरायचा, हे आधीच ठरलेले होते.

कृष्णाकाठी आणखी एक बाब सुटता कामा नये. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेले. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. उपकेंद्रे पाण्यात गेली आणि काही भागांत वीज कित्येक दिवस आली नाही. सखल भागातल्या कारखान्याने बॅटरी, इन्व्हर्टर आणि मुख्य पॅनल तळमजल्यावर ठेवले, तर जाळ्यासोबत मायक्रोग्रिडही बुडते. सोलर पॅनल छतावर कोरडे असून उपयोग नाही. अर्थिंगही विसरू नये: जाळ्यापासून सुटे झाल्यावर न्यूट्रलला हद्दीतच स्वतंत्र अर्थिंग लागते, नाहीतर रिले बिघाड ओळखायला चुकतात. हे सगळे सुट्टीच्या दिवशी मुख्य ब्रेकर हाताने उघडून तपासता येते: पंप चालू राहिला का, जनरेटरने भार किती सेकंदांत घेतला आणि लाइट परत आल्यावर दोन्ही बाजू न झटकता जुळल्या का.