चाकांवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती ज्याने रचली त्याने विंचवाच्या बायकोचा विचार केलेला दिसत नाही. मीही कधी केला नव्हता. तो करण्याची पाळी आली ती साता समुद्रांपलीकडे, अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात, सप्टेंबरातल्या एका लख्ख दिवशी.

डेनव्हरला मुलाकडे गेलो होतो. परतण्यापूर्वी आम्ही दोघांनीच थोडे भटकून यावे असे ठरले आणि मुलाने एक ‘आर. व्ही.’ भाड्याने घेऊन दिली. आर. व्ही. म्हणजे चाकांवरचे घर. पंचवीस फूट लांबीच्या त्या मोटारीत पलंग, शेगडी, फ्रीज, न्हाणी, संडास, सारे काही होते. पाण्याची टाकी भरून घ्यायची, सांडपाण्याची टाकी नेमून दिलेल्या जागी रिकामी करायची, मुक्कामी पोचल्यावर विजेची तार जोडायची, की संसार सुरू! हॉटेलात खोली शोधायला नको, परक्या चवीचे खायला नको. “मजा आहे बुवा तुमची, घरच बरोबर!” असे जो तो म्हणे. सौ.ने मात्र शेगडीचे तिन्ही बर्नर पेटवून पाहिले आणि एवढेच म्हणाली, “अगदी घरच्यासारखं आहे हो.” त्यातली मेख मला तेव्हा कळली नाही.

यलोस्टोन हे जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान. १ मार्च १८७२ रोजी ते कायद्याने स्थापन झाले. विस्तार सुमारे नऊ हजार चौरस किलोमीटर. बहुतेक भाग वायोमिंग राज्यात आणि थोडा माँटाना व आयडाहो राज्यांत. जमिनीच्या पोटात ज्वालामुखीची धग आहे आणि वर उष्ण झरे, कुंडे, उकळता चिखल, वाफेची विवरे अशी दहा हजारांहून अधिक स्थाने आहेत. जगातल्या गरम पाण्याच्या उसळत्या कारंज्यांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या या उद्यानात! अशा कारंज्याला ‘गीझर’ म्हणतात. आपल्या न्हाणीघरात भिंतीवर टांगलेल्या यंत्राचे नाव मूळचे या कारंज्याचे, आणि तेही आइसलंडहून आलेले.

आमचा मुक्काम सरोवराकाठी फिशिंग ब्रिजला होता. अस्वलांच्या भयाने तिथे तंबूला मज्जाव. पक्क्या भिंतींच्या गाड्यांनाच जागा मिळते. दक्षिणेकडच्या रस्त्याची सुमारे दीडशे किलोमीटरची प्रदक्षिणा एका दिवसात पुरी करायची, असा माझा बेत. खिशात सहा स्थळांची यादी होती आणि प्रत्येकापुढे वेळ लिहिलेली. नोकरीत उभा जन्म वेळापत्रकात गेला, ते इतक्यात कुठून सुटणार?

पहिले स्थळ वेस्ट थम्ब. तिथे सरोवराच्या पाण्यातूनच एका उष्ण झऱ्याने डोके वर काढले आहे. त्याचे नाव फिशिंग कोन. जुन्या काळी हौशी प्रवासी सरोवरात मासा धरीत आणि गळावरून न काढताच त्या झऱ्याच्या तोंडात बुडवून शिजवीत. आता त्याला बंदी आहे. मी लगबगीने गाडीत परतून ही हकिकत सौ.ला सांगितली. ती पोहे परतत होती.

“म्हणजे तिथंही स्वयंपाकच!” ती म्हणाली. मी हसलो आणि यादीवर खूण केली.

तिथून घाट चढून ओल्ड फेथफुल या प्रसिद्ध गीझरपाशी आलो. ‘म्हातारा इमानी’ असा या नावाचा अर्थ. १८७० साली आलेल्या एका शोधपथकाने ते दिले. आधीचा उद्रेक किती वेळ चालला यावरून पुढचा केव्हा होणार याचा अंदाज बांधतात. फलकावर वेळ होती १२ वाजून ४० मिनिटे. दहा मिनिटे अलीकडे-पलीकडे.

“तुम्ही जागा धरा. मी कुकर लावून आलेच,” सौ. म्हणाली.

मी बाकावर जाऊन बसलो. साडेबाराच्या सुमारास पाणी बुडबुडू लागले, दोनदा फसवून खाली बसले आणि मग एकाएकी पांढरा स्तंभ आभाळात चढला. त्याची उंची ३२ ते ५६ मीटरपर्यंत जाते म्हणतात. शेकडो माणसे एका आवाजात ‘आहा!’ म्हणाली. तीनेक मिनिटांत सारे शांत झाले. शेजारची जागा रिकामीच होती.

मी धावत गाडीशी आलो. सौ. छोट्या खिडकीपाशी उभी होती. तिथून समोरच्या मोटारींची टपे दिसत होती आणि त्यांवर विरत चाललेली थोडी वाफ.

“डाळ शिजेना हो,” ती म्हणाली. “लोक ओरडले ते ऐकलं. छान होतं ना? बसा आता, गार होईल.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरे झाले असते. मी यादी काढली आणि खूण करायला पेन्सिल टेकवली, पण हात पुढे जाईना. आठ दिवसांच्या प्रवासात मी किती स्थळे पाहिली ते मला सांगता आले असते. तिने किती पाहिली? पलंग मिटून टेबल करणे, टेबल मिटून पलंग करणे, न्याहारी, जेवण, चहा, भांडी! घर बरोबर घेतले होते, तसे घरकामही घेतले होते. आणि ते सारे तिच्या वाट्याला आले होते.

“पुढचं दीड तासानं आहे,” मी म्हणालो. “आपण थांबू.”

“आणि तुमची यादी?”

“यादी राहू दे. जेवून तू जाऊन बस. भांडी मी घासतो.”

तिने माझ्याकडे असे पाहिले, की मला ताप तर नाही ना? भांडी घासताना मी निम्मी टाकी संपवली. पाणी मोजून वापरायचे असते हे मला त्या दिवशी समजले. तिला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

दोनच्या सुमारास इमानी म्हातारा पुन्हा उसळला. या वेळी आम्ही दोघे शेजारी होतो. सौ. टक लावून पाहत राहिली. पाणी बसल्यावर म्हणाली, “अहो, हा तर कुकर!”

ती बोलली त्यात शास्त्र होते. ही जागा समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वादोन हजार मीटर उंचीवर आहे. उघड्या पातेल्यात पाणी इथे ९३ अंशांच्या आसपासच उकळते आणि कुकरलाही नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. गीझरच्या अरुंद नळीत मात्र वरच्या पाण्याचा भार खालच्या तापलेल्या पाण्याला दाबून धरतो, म्हणून ते त्याहून कितीतरी अधिक तापूनही उकळत नाही. वरचे थोडे पाणी सांडले की दाब उतरतो आणि खालच्या पाण्याची एकदम वाफ होऊन सारे उसळते. ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती. तिने डाळीवरून ओळखली.

पुढे ग्रँड प्रिझमॅटिक या सुमारे शंभर मीटर रुंदीच्या कुंडाशी ती तासभर रेंगाळली. मधोमध गर्द निळाई आणि कडांना पिवळे, केशरी, तांबूस पट्टे. ते रंग उष्णतेत जगणाऱ्या सूक्ष्म जीवांचे. याच उद्यानातल्या एका उष्ण झऱ्यातून टॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी १९६६ साली असा एक जिवाणू मिळवला. त्याच्यातले एक द्रव्य पुढे पी.सी.आर. चाचणीचा आधार ठरले. २०२० च्या साथीत आपण नाकात काडी घालून घेतली, त्या तपासणीची एक मुळी इथवर पोचते.

परिणामी ९४ मीटर उंचीचा प्रसिद्ध धबधबा राहिला. यादीतली सहापैकी तीनच स्थळे झाली. परतताना हेडन खोऱ्यात अंधारून आले आणि गवे भर रस्त्यात येऊन उभे राहिले. त्यांच्यापासून तेवीस मीटर दूर राहायचे असा तिथला नियम आहे. दोन्ही बाजूंना मोटारी थांबल्या. सवयीने सौ. उठू लागली, “चहा टाकते.”

“बस,” मी म्हणालो आणि थर्मास पुढे केला. ती कुंडापाशी रमली होती तेव्हा मी तो भरून ठेवला होता. 

चाकांवरचे घर घेऊन निघणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे: स्थळांची यादी जरूर करा, पण त्याआधी कामांची करा आणि तिच्यावर दोन नावे घाला.

गवे संथपणे रस्ता ओलांडीत होते. सौ.ने चहाचा घोट घेतला.

“साखर फार झालीय,” ती म्हणाली आणि आणखी अर्धा कप मागून घेतला.