म्हाताऱ्या लॅपटॉपची परीक्षा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. तेव्हापासून पालक आमच्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात : गुरुजी, घरचा लॅपटॉप आठ वर्षांचा झाला, फार रेंगाळतो, टाकून नवा घ्यावा काय? मॉरिशसमध्ये नवा लॅपटॉप म्हणजे बऱ्याच घरांत पगाराचा मोठा घास. म्हणून आमचे म्हणणे, आधी परीक्षा घ्या, मग निकाल लावा.

लॅपटॉप सुरू करून दहा मिनिटे तसाच राहू द्यावा. सुरुवातीला तो स्वतःचीच कामे उरकत असतो. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडतो. आता नेहमीचे काम करावे, म्हणजे मराठीचा धडा टंकावा, मुलांचा एखादा व्हिडिओ लावावा, आणि आकडे पाहावेत. प्रोसेसर २०-३० टक्क्यांवर निवांत, पण डिस्क १०० टक्क्यांना चिकटलेली दिसली, तर दोष डिस्कचा समजावा. जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क म्हणजे बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी तबकडी. तिच्यावर माहितीची जागा गाठायला दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. एसएसडीत फिरणारे काहीच नसते, तिथे हे काम एका मिलिसेकंदाच्याही आत होते. आमच्या ओळखीच्या एका पालकांना दुकानदाराने ‘हा मेला, नवा घ्या’ असे सांगितले होते. एसएसडी बसवल्यावर तोच लॅपटॉप मुलीच्या अभ्यासाला बसला!

मेमरी ४ जीबी असून सदा भरलेली राहत असेल, तर ती ८ करावी. मात्र काही पातळ लॅपटॉपांत मेमरी मूळ पट्टीवरच पक्की जोडलेली असते, तेव्हा आधी विचारून घ्यावे.

पहिली पंधरा मिनिटे ठीक आणि मग मंद, असे होत असेल तर उष्णतेचा संशय घ्यावा. पंख्यात धूळ साचली की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. आपल्याकडच्या जानेवारीच्या उकाड्यात हे हमखास दिसते. लॅपटॉप गादीवर ठेवून काम करणाऱ्या मुलांना काय सांगावे!

बॅटरीचाही अहवाल मिळतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, जागा सोडून तिरपी रेघ व बॅटरीरिपोर्ट, असे रोमन लिपीत लिहावे. मूळ क्षमता ५०,००० आणि आजची २०,००० दिसली, तर ४० टक्केच उरली. फुगलेली बॅटरी मात्र एक दिवसही वापरू नये.

सर्वांत अवघड पेपर सुरक्षेचा. विंडोज ११ साठी टीपीएम २.० लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा वा नंतरचा. त्यात जो बसत नाही, तो कितीही चपळ झाला तरी सुरक्षेच्या सुधारणा बंद झाल्यावर त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत. लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली अशा यंत्रावर चालते, तिच्यात देवनागरी टंकनही होते; परंतु घरातले कोणते काम विंडोजवाचून अडेल, ते आधी पाहावे. आणि काहीही बदलण्यापूर्वी फोटो व कागदपत्रांची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी; हार्ड डिस्कमधून टकटक ऐकू येत असेल तर ती आजच काढावी.