प्रतिकृतीचे परीक्षण : आधी प्रमाण, मग झळाळी

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तळ्यांत ‘नेट्टी’ ही पाणवनस्पती वाढते. आपल्याकडे बाशिंगासाठी वापरतात तसाच हा हलका, शुभ्र भेंड. तंजावरचे कारागीर त्यातून बृहदीश्वर मंदिराच्या प्रतिकृती घडवितात. या कलेला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन लाभले.

अशा प्रतिकृतींच्या स्पर्धेत परीक्षकाने प्रथम प्रमाण पाहावे. मूळ विमानाची, म्हणजे गर्भगृह व त्यावरील शिखर यांची, उंची सुमारे ६६ मीटर आणि तळाची बाजू सुमारे ३० मीटर आहे. प्रतिकृती ३३ सेंटिमीटर उंच असेल, तर प्रमाण १:२०० होते. मग तळ १५ सेंटिमीटरच हवा. तो २० भरल्यास नक्षी कितीही मोहक असली, तरी मंदिर बुटके दिसते. त्यानंतर सांध्यांची सफाई, कामाचे काठिण्य आणि शेवटी मांडणी विचारात घ्यावी. काचेच्या पेटीला गुण नसावेत.

गुणांची विभागणी स्पर्धेपूर्वीच जाहीर करावी आणि निकालासोबत कारणेही लेखी द्यावीत. कर्जप्रस्ताव नामंजूर झाल्यास ग्राहकाला त्याचे कारण हवे असते. हरलेल्या कारागिराचाही तेवढाच अधिकार आहे. कारण कळले, तरच पुढील प्रतिकृती अधिक अचूक घडेल.