लेखनसंरक्षण, मेमरी कार्डाच्या अनुकरणातील
मेमरी कार्डावरील माहिती अनवधानाने पुसली जाऊ नये वा बदलू नये म्हणून केलेल्या योजनेस लेखनसंरक्षण म्हणतात. एखाद्या यंत्राचे कार्य आज्ञावलीच्या साहाय्याने दुसऱ्या संगणकावर घडवून आणणे म्हणजे अनुकरण. त्यात कार्डाची जागा सामान्यतः एक फाइल घेते. म्हणून संरक्षणाची योजनाही आज्ञावलीतच उतरवावी लागते.

ध्वनिफितीच्या कॅसेटची मागील लहान पट्टी मोडली म्हणजे तीवर ध्वनिमुद्रण होत नाही. मात्र तेथे नकार देते ते यंत्र, फीत नव्हे. १९९९ मध्ये जाहीर झालेल्या एसडी कार्डाच्या कडेची सरकती कळ याच तत्त्वावर आहे. कार्डातील विद्युत् मंडलाशी तिचा संबंध नसतो. तिची स्थिती कार्ड बसविण्याच्या खोबणीतील स्विच ओळखतो व लेखन रोखण्याची जबाबदारी यजमान उपकरणावर असते. याउलट कार्डाच्या आतील सीएसडी रजिस्टरमधील क्रमांक १२ चा बिट तात्पुरते व १३ चा बिट कायमचे संरक्षण दर्शवितो. या संरक्षणात लेखनास नकार देऊन उल्लंघनाची खूण यजमानास कळविण्याचे काम कार्ड स्वतःच करते.

अनुकरणात या दोन प्रकारांत फाइल केवळ वाचनासाठी उघडली असण्याच्या तिसऱ्या स्थितीची भर पडते. क्यूईएमयू या अनुकरण प्रणालीत फाइलीची अशी स्थिती कळीची स्थिती म्हणून नियंत्रकास कळविली जाते, तर सीएसडीमधील बिटांची तपासणी लेखनाची आज्ञा येताच केली जाते. नियंत्रकाच्या प्रमाणित रचनेत संबंधित बिट १ असता लेखनास मुभा व ० असता मनाई असते; हा उलटा संकेत नजरचुकीचे एक कारण ठरतो.

लेखन नाकारूनही ते यशस्वी झाल्याचे कळविणे हा सर्वांत घातक दोष होय. माहिती साठविली गेली असे समजून कार्यकारी प्रणाली पुढे जाते व हानी उशिरा लक्षात येते. दुसरा दोष सूक्ष्म आहे. कळीकडे दुर्लक्ष करणारी चालक आज्ञावली खऱ्या कार्डावर लिहू शकते. अनुकरणाने तिला अडविले, तर तिच्यातील चूक चाचणीत झाकली जाते. मूळ फाइल न बदलता सर्व लेखन वेगळ्या तात्पुरत्या फाइलीत वळविल्यास माहितीची सुरक्षितता व अनुकरणाची यथार्थता ही दोन्ही साधतात.